पेट्रोलची डिग्री

कामथडीजवळ, पुणे-सातारा रस्त्याला लागून असलेल्या एका पेट्रोल पंपावर मी मॅनेजर आहे. सकाळी सहाला भाव बदलायचा असला तर आपोआप बदलतो. मशीनवरचे आकडे फिरतात, मला बोटही लावावं लागत नाही. कधी काही पैसे वर, कधी काही पैसे खाली, आणि कधी महिनोन्‌महिने ढिम्म. तरी दिवसाला एक तरी गिऱ्हाईक असं येतं, जे गाडीवरून न उतरता, हेल्मेटच्या आतून मला जाब विचारतं, "एवढं महाग कसं काय हो?" जणू काल संध्याकाळी मी घरी झोपाळ्यावर बसून हा भाव ठरवला, बायकोची संमती घेतली आणि सकाळी येऊन लावून टाकला.

मला हा प्रश्न मनापासून आवडतो. गर्दी नसली तर मी त्या माणसाला सावलीत घेतो, चहा मागवतो आणि एक लिटर पेट्रोल त्याच्यासमोर सोलून दाखवतो. सगळ्यात आत कच्चं तेल. ते दुसऱ्याच्या देशातल्या जमिनीतून निघतं, डॉलर मोजून घ्यायचं आणि जहाजानं आणायचं. मग ते शुद्ध करण्याचा खर्च, मग इथवर आणणाऱ्या टँकरचं भाडं, मग दिल्लीचा कर, मग मुंबईचा कर, आणि यांच्यामध्ये कुठंतरी चिमूटभर पंपमालकाचं कमिशन. माझा पगार त्या चिमटीतून निघतो. हल्ली त्यात उसापासून केलेलं इथेनॉलही असतं, त्यामुळे आपल्याच बाजूच्या एखाद्या शेतकऱ्याचा ऊसही थोडासा टाकीत जातो. गिऱ्हाईक चहा पितं, मान हलवतं आणि जाताना म्हणतं, "ते सगळं खरं, पण महाग आहे." मी कप उचलून परत मशीनकडे जातो.

हे व्याख्यान मी पहिल्यांदा दिलं त्याला पंचवीसेक वर्षं झाली. तेव्हा मी भोरला एका पंपावर नोकरीला होतो. गाडीत पेट्रोल सोडणं, वही लिहिणं, टाकीत पट्टी टाकून साठा मोजणं, सगळं मीच करायचो. तेव्हा भाव रोज हलत नसे. सरकार तो कधीतरी हलवायचं, पण हलवला की पैशात नाही, रुपयांत. संध्याकाळच्या बातम्यांत सांगायचे की आज मध्यरात्रीपासून वाढ, आणि मग निम्मं भोर बातम्या अर्धवट सोडून, पायांत मिळेल ती चप्पल घालून आमच्याकडे धावायचं. रांग पार एसटी डेपोच्या दिशेनं जायची. दोन लिटर पेट्रोलावर वाचवून वाचवून किती वाचणार, हा प्रश्न त्या रांगेत कुणी विचारत नसे, आणि मी तर मुळीच नाही, कारण तो दिवस म्हणजे आमची जत्रा असायची.

ते व्याख्यान मात्र मी पंपावर दिलं नाही. ते दिलं हिर्डोशीच्या पुढच्या एका वाडीत, दूध डेअरीच्या दारात, आणि मला ते द्यावं लागलं कारण डेअरीनं माझ्या आत्याचं दूध घेणं बंद केलं होतं.

आत्याचं घर वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. नवरा भाताच्या खाचरांत आणि ती दुकानात, अशी त्यांची वाटणी. दुकान म्हणजे ओटीवरच्या दोन फळ्या: काडेपेट्या, साबण, चहापूड, बिस्किटं. गोठ्यात दोन म्हशी. भोर सोडलं की थेट घाट उतरून खाली जाईपर्यंत वाटेत पंप नव्हता. एसटी दिवसातून मोजक्या वेळा. वाडीत आणि आसपास नुकत्याच मोटारसायकली यायला लागल्या होत्या, आणि माणूस घाटाच्या तोंडाशी आला की टाकी हमखास कोरडी पडायची. वेल्ह्याच्या बाजूलाही हेच. तिकडेही कुठल्या ना कुठल्या दुकानात फळीखाली बाटल्या उभ्या असायच्या. आत्यानंही ठेवल्या. नियमात हे बसत नव्हतं, आजही बसत नाही, आणि आज माझ्या पंपावर कुणी बाटली पुढे केली तर मी त्याला सरळ वाटेला लावतो. पण तेव्हा मी भाचा होतो, मॅनेजर नव्हतो.

व्यवस्था अशी होती. मी भोरला वीस लिटरचा कॅन भरून तिकडे जाणाऱ्या जीपमध्ये ठेवायचो. जीपवाला त्या कॅनचं पूर्ण एका माणसाचं भाडं घ्यायचा. माझं म्हणणं असायचं की कॅन काही बोलत नाही, तंबाखू थुंकत नाही, त्याला निम्मं लाव. तो म्हणायचा, जागा अडवतो ना, मग झालं. शिवाय कॅनशेजारी बसायला कुणी तयार नसायचं, म्हणून कधीकधी तो दीड माणसाचं मागायचा. वाडीत आत्या जुन्या लुगड्याच्या धडप्यातून, नरसाळं लावून ते बाटल्यांत गाळायची. माप दुधाचंच, लिटरचं. बाटलीला भोरच्या भावावर पाच रुपये जास्त. ते पाच रुपये सगळ्यांना ठाऊक होते आणि सगळे ते कुरकुरत द्यायचे.

आता डेअरीचं सांगतो. वाडीतलं प्रत्येक घर रोज सकाळी किटली घेऊन तिथं जायचं. डेअरीचे सेक्रेटरी साठीच्या जवळचे, इस्त्रीची टोपी घालणारे, आणि इतके सरळ की सख्ख्या भावाच्या दुधालाही त्यांनी एकदा सगळ्यांदेखत कमी भाव लावला होता. त्यांच्याकडे एक काचेची काडी होती. खालून फुगीर, वरून सडपातळ, अंगावर बारीक रेघा. ती दुधात सोडायची, तरंगत कुठल्या रेघेवर थांबते ते पाहायचं, ती दुधाची डिग्री. दूध दाट असेल तर काडी वर राहते, पाणी घातलं असेल तर खाली जाते. फॅट आणि डिग्री, या दोन्हींवरून भाव. त्यामुळे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही एक गोष्ट पक्की माहीत होती, की मालाचा भाव मालाच्या पोटात असतो. काडी सोडली की कळतो.

त्या वर्षी श्रावणात वाडीतल्या एका तरुणाची मोटारसायकल घाटाच्या अलीकडे बंद पडली. गाडी नवी होती, आणि तो तिला म्हशीपेक्षा जास्त घासायचा. भर पावसात ढकलत परत आणली, दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून भोरला नेली. मेकॅनिकनं उघडून सांगितलं की पेट्रोलमध्ये पाणी आहे. पेट्रोल होतं आत्याकडचं. झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी, डेअरीत रांग लागलेली असताना, त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की काकी बाटलीमागे पाच रुपये वरचे घेतात आणि वर पाणी पाजतात.

मी तिथं नव्हतो. पण ही सकाळ मला इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितली आहे, की मी होतो असंच मला वाटतं. आत्या रांगेतच होती, हातात किटली. सेक्रेटरींनी दोन्ही बाजूंना शांत केलं आणि म्हणाले, भांडायचं कशाला, तपासून बघू. आत्याच्या दुकानातून बाटली आणवली. एका म्हाताऱ्याला विडी विझवायला लावली. त्यानं ती विझवून कानावर ठेवली. दूध तपासायच्या उभट भांड्यात पेट्रोल ओतलं आणि सेक्रेटरींनी आपली काडी त्यात सोडली.

काडी तरंगली नाही. थांबलीही नाही. सरळ तळाला गेली आणि टक् असा आवाज झाला.

सेक्रेटरींच्या उभ्या आयुष्यात ती काडी कधी तळाला लागली नव्हती. लोकांनी दुधात काय काय घातलं होतं, ओढ्याचं पाणी, विहिरीचं पाणी, एकानं तर ताक. पण टक् असा आवाज कुणाच्या दुधानं केला नव्हता. त्यांनी काडी बाहेर काढली, पुसली, पुन्हा सोडली. पुन्हा टक्. मग ते आत्याला म्हणाले,

"वैनी, तुमचं दूद आज ऱ्हाऊ द्या."

त्यांची बाजूही मला कळते. सगळ्यांचं दूध एकाच टाकीत पडून भोरला जायचं. एका घराचा संशय म्हणजे सगळ्या टाकीचा संशय. आणि पेट्रोलमध्ये पाणी घालणारा हात दुधात कशाला मागे राहील? आत्यानं किटली उचलली आणि ती घरी गेली; पुढचे दोन दिवसही तिची किटली तशीच परत आली. तिच्या म्हशींच्या दुधाची डिग्री वाडीत कायम पहिली असायची. तेवढी एकच गोष्ट ती स्वतःहून चारचौघांत सांगायची.

निरोप माझ्याकडे जीपवाल्यानं आणला, रिकाम्या कॅनबरोबर. पेट्रोल नको, तू ये. मला सुट्टी मिळेपर्यंत दोन दिवस गेले. तोवर आत्याकडे पहिल्या दिवसाच्या दुधाचं दही लागलं, दुसऱ्या दिवशीच्या दुधाचा खवा आटवला, आणि तिसऱ्या दिवशी भांडीच उरली नाहीत. नवरा म्हणाला, शेजारी वाटून टाकू. आत्या म्हणाली, शेजारी घेतील का ते आधी विचारून या. तो विचारायला गेला नाही.

पंपावर आमच्याकडेही एक काडी होती. तीही काचेची, तीही तरंगणारी, पण पेट्रोलची. टँकर आला की तिच्यानं पेट्रोलची घनता पाहायची, म्हणजे पेट्रोल किती जड आणि किती हलकं, आणि ती वहीत लिहायची. मालकांना सगळी हकिगत सांगितली. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग कपाटातून जुनी काडी काढून दिली आणि सांगितलं, फुटली तर पगारातून. शिवाय मी पंपावरून थेट भरलेली एक बाटली बरोबर घेतली. जीपवाल्यानं तिचं भाडं लावलं नाही. त्यालाही निकाल ऐकायचा होता.

सकाळी घरातून निघताना आत्यानं मला एवढंच बजावलं, "तू लई बोलू नको."

मी लई बोललो. पंचवीस-तीस माणसं, पुढे किटल्या, मागे पाऊस, असं ऐकणारं मंडळ मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं. मी पेट्रोल म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. दुधाची काडी वेगळी, पेट्रोलची वेगळी, जसा धान्याचा काटा वेगळा आणि सोनाराचा वेगळा. मग रुमालात गुंडाळलेली माझी काडी हळूहळू उलगडली, जितकी हळू उलगडता येईल तितकी, आणि तपासायच्या भांड्यात ओतलेल्या आत्याच्या पेट्रोलात सोडली. ती झकास तरंगली. मी हात पसरून सगळ्यांकडे पाहिलं.

मोटारसायकलवाला म्हणाला, "पंपाची काडी हाये. ती पंपाच्याच बाजूनं तरंगणार."

लोक हसले. तिथं मी थांबायला हवं होतं. पण मी इरेला पेटलो. म्हटलं, ठीक आहे, आता हीच काडी दुधात सोडून दाखवतो, म्हणजे एकाची काडी दुसऱ्याला लावली की काय होतं ते कळेल. आणि समोर जी पहिली किटली दिसली तीत मी ती सोडली. काडी दुधात शिरेचना. पाण्यातल्या बुचासारखी वर आली आणि आडवी पडली. मी मोठ्यानं विचारलं की या काडीच्या हिशेबानं हे दूधच नाही, मग आता या किटलीवाल्याला काय शिक्षा?

किटली सेक्रेटरींच्या घरची होती. आणि काडीला पेट्रोल लागलेलं होतं.

सेक्रेटरींनी किटलीत नाक घातलं. "ह्ये आता मांजराला बी घालायचं न्हाई," ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला भोरची पुढची जीप किती वाजता आहे ते आठवायला लागलं. आमची बाजू मी येण्याआधी जिथं होती, तिथून दोन पावलं मागे गेली होती.

आत्या तोवर भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली. डेअरीतल्या माठातून तिनं तपासायचं दुसरं भांडं भरून साधं पाणी घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

"भावजी, तुमची काडी घ्या. माझ्या भाच्याची नको. तुमचीच. आन् ह्या पाण्यात सोडा."

"पाण्यात कशापायी?"

"सोडा तर."

सेक्रेटरींनी काडी पाण्यात सोडली. ती तरंगली. दुधात राहते त्यापेक्षा बरीच खाली, पण मान पाण्याबाहेर काढून उभी राहिली.

"निव्वळ पाण्यात ती तरंगतीया," आत्या म्हणाली. "मंग म्या पेट्रोलात पाणी घातलं आसतं, तर ती वर आली आसती का तळाला गेली आसती?"

 सेक्रेटरींनी काडी काढली, पाण्यात पुन्हा सोडली. काढली, पेट्रोलमध्ये सोडली, टक्. असं त्यांनी तीनदा केलं. मग टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. सगळ्या वाडीला डिग्री शिकवणाऱ्या माणसाला त्या दिवशी कळलं की पेट्रोल पाण्याहून हलकं असतं. त्यात पाणी जितकं घालाल तितकी काडी वर येईल, खाली जाणार नाही. दुधाच्या बरोबर उलट.

पुढे मी आत्याला विचारलं होतं की हे पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तवा मला कुनी इचारलंच न्हाई. सगळ्यांनी काडीलाच इचारलं."

पण मोटारसायकलवाला सहजी सोडणारा नव्हता. त्यानं आता रॉकेल काढलं. पाणी नसेल, रेशनचं रॉकेल घातलं असेल. हा आरोप मात्र बिनबुडाचा नव्हता. तेव्हा रॉकेल स्वस्त होतं आणि कुठं कुठं असे प्रकार चालायचेही. इथं माझ्या काडीला अब्रू परत मिळवायची संधी आली. मी न बोलता, हे महत्त्वाचं, न बोलता, पंपावरून आणलेली बाटली एका भांड्यात आणि आत्याची दुसऱ्यात ओतली, आणि काडी सेक्रेटरींच्या हातात दिली. त्यांनी स्वतः ती एकदा इकडे, एकदा तिकडे सोडली. दोन्हीकडे एकच रेघ. रॉकेल पेट्रोलहून जड, ते मिसळलं असतं तर रेघ बदलली असती. सेक्रेटरींनी वाचून दाखवलं आणि विषय संपला.

मग मोटारसायकलवाल्यानं शेवटचं विचारलं, आणि रांगेतल्या निम्म्या लोकांच्या मनात तेच होतं. पेट्रोल तेच, तर पाच रुपये जास्त कसले? भोरला ती डिग्री स्वस्त आणि इथं तीच डिग्री महाग, हे कसं?

या प्रश्नाला उत्तर द्यायला मला आत्यानं डोळ्यानं परवानगी दिली. मी लिटरचं माप पाण्यानं काठोकाठ भरलं आणि म्हटलं, समजा हे भोरचं एक लिटर पेट्रोल, आणि हे पाणी म्हणजे तुमचे पैसे. आता रिकाम्या किटल्या पुढे करा. पहिल्या किटलीत मी तेलाच्या विहिरीवाल्याचा आणि जहाजाचा वाटा ओतला. दुसऱ्यात तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्याचा. तिसऱ्यात टँकरचा, घोटभर. मग दिल्लीच्या किटलीत ओतायला लागलो आणि ओततच राहिलो. ती किटली जिच्या हातात होती ती बाई म्हणाली, आता बास करा की. मग मुंबईची किटली. नेमके आकडे मलाही पाठ नव्हते, पंपावरच्या बोलण्यातून आणि मालकांच्या कागदांतून जे कळलं होतं त्या अंदाजानं मी ओतत होतो. पण करांच्या दोन किटल्यांत मिळून निम्म्याच्या आसपास पाणी गेलं, यात माझी फार चूक नसावी. शेवटी मापाच्या तळाशी जे राहिलं ते पंपमालकाचं. ते बघून एक म्हातारा हळहळला.

सेक्रेटरींनी विचारलं, "म्हंजी तेलाचं आसं किती? आन् बाकी सगळं वाटंतल्या लोकांचं?"

तसंच, मी म्हणालो. दुधाचा भाव दुधात असतो. पेट्रोलचा भाव निम्मा रस्त्यात असतो. भोरला तो रस्ता संपत नाही. तिथून इथवर जीपमध्ये कॅनचं एक माणूस, कधी दीड माणूस. उन्हानं बाटलीतून जे उडून जातं ते. फुटणारी बाटली. आणि हे सगळं वजा करून उरेल ते आत्याचं; तेही तुम्ही भर जेवणात हाक मारली की हात धुऊन उठायचं, नरसाळं शोधायचं, आणि दिवसभर चूल एका टोकाला नि दुकान दुसऱ्या टोकाला ठेवायचं, त्याचं. ज्याला पाच रुपये जड वाटतील त्यानं भोरला जाऊन आणावं, आणि जाताना गाडी काय पिऊन जाते तेही मोजावं.

मोटारसायकलवाल्यानं मोजलं असावं, कारण त्यानं आपली किटली टेबलाकडे सरकवली. पण चुकलो असं काही म्हणाला नाही.

सेक्रेटरींनी आत्याची किटली घ्यायला हात पुढे केला. म्हणाले, झालं गेलं, आणा, ओतून घेतो. आत्यानं किटली दिली नाही. म्हणाली, तीन दिवस बिनतपासता परत पाठवलं होतं, आता बिनतपासता घ्यायचं नाही. आधी काडी सोडा आणि आकडा मोठ्यानं वाचा. सेक्रेटरींनी काडी स्वच्छ धुतली, वास घेतला, पुन्हा धुतली, आत्याच्या दुधात सोडली आणि आकडा वाचला. रांगेच्या शेवटच्या माणसाला ऐकू गेला नाही असं आत्याचं मत पडलं. त्यांनी पुन्हा वाचला.

दुसऱ्या दिवसापासून आत्याची बाटली सगळ्यांना आधीच्याच भावानं मिळू लागली. फक्त मोटारसायकलवाल्याला एक रुपया जास्त.

त्यानं विचारलं, हा कशाचा? ती म्हणाली, माझा भाचा एक किटली मोजायची विसरला होता, तिचा. तू सगळ्यांम्होरं बोललास त्याचा हा रुपया. सगळ्यांम्होरं परत घेशील त्या दिवशी निघंल. त्यानं नाक फेंदारलं, रुपया दिला आणि गेला. पुढच्या खेपेलाही दिला. त्याच्या पुढच्याही. कबूल करण्यापेक्षा त्याला तो रुपया स्वस्त वाटत असावा.

दोनेक महिन्यांनी भोरला तोच मेकॅनिक आमच्या पंपावर आला. बोलता बोलता म्हणाला, तुमच्या त्या घाटाकडच्या गिऱ्हाइकाच्या गाडीत परत पाणी सापडलं. या वेळी त्यानं टाकीचं झाकण तपासलं. आतलं रबर फाटलेलं होतं, पाऊस सरळ टाकीत गळत होता. गिऱ्हाइकाला दाखवलं तर म्हणाला, गुपचूप नवं बसव.

ही बातमी ऐकून मला जो आनंद झाला तो लपवण्यात अर्थ नाही. डेअरीतलं दुसरं भाषण माझ्या मनात तयारच झालं, कुठं थांबायचं, कुठं झाकणाचं रबर खिशातून काढायचं, सगळं. जीपनं मी आधी आत्याकडे गेलो. तिनं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि सांगितलं की हे कुणाला सांगायचं नाही. मी म्हटलं, अगं पण तू सुटशील. ती म्हणाली, "म्या कवाच सुटले. आता त्याचं त्यो सुटंल. तवर रुपया चालू."

मी जड मनानं भोरला परतलो. भाषण वाया गेलं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी, डेअरीच्या रांगेत, दूध ओतून झाल्यावर तो तरुण तिथंच उभा राहिला. सेक्रेटरींनी विचारलं, काय पावती पाहिजे का? तो म्हणाला, पावती नको. मग कुणाकडेही न बघता, म्हणजे साधारण माठाकडे बघत, तो म्हणाला, "पाणी माज्याच टाकीत गळत व्हतं. काकींचं पेट्रोल चांगलं व्हतं." एवढं बोलून किटली घेऊन निघाला. रांगेतल्या शेवटच्या माणसानं विचारलं, काय म्हणाला तो? सेक्रेटरींनी, आत्या तिथंच होती म्हणून असेल, ते त्याच्या वतीनं एकदा मोठ्यानं सांगितलं.

त्याच दुपारी तो दुकानात आला. बाटली मागितली आणि नेहमीचे पैसे पुढे केले. आत्यानं बाटली दिली, पैसे मोजले आणि त्यातला एक रुपया परत त्याच्या हातावर ठेवला.  तो बाटली घेऊन गाडीपाशी गेला, नव्या रबराचं झाकण उघडलं आणि पेट्रोल ओतलं.

पेट्रोलच्या धंद्यात माझं निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं. भाव चढताना पुष्कळ पाहिला, उतरतानाही पाहिला, आणि प्रत्येक वेळी का ते गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं, बरंचसं अंदाजानं. त्या दुपारी एका बाटलीचा भाव एक रुपयानं उतरला. त्या एका उताराचं कारण मात्र मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ठाऊक आहे.